बाखचे ‘जीवन’ आणि ‘कार्य’ : एका समीकरणाची तपासणी

प्रस्तावना

मराठीतील विद्यापीठीय अभ्यासात ‘जीवन आणि कार्य’ ही शब्दजोडी इतकी रूढ झाली आहे की तिच्यातील ‘आणि’ या अव्ययाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. एम. फिल. वा पीएच. डी.च्या प्रबंधाचे पहिले प्रकरण चरित्राचे असते, पुढील प्रकरणांत कलाकृतींचे विवेचन येते आणि मधल्या मोकळ्या जागेत एक गृहीतक निमूटपणे बसलेले असते : जीवन हे कारण आणि कलाकृती हा त्याचा परिणाम. दुःख भोगले म्हणून दुःखाची रचना, श्रद्धा होती म्हणून भक्तीची रचना. प्रस्तुत लेखात योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) या जर्मन संगीतरचनाकाराच्या आधारे या गृहीतकाची तपासणी करावयाची आहे. बीथोव्हेन किंवा शूमान यांच्या बाबतीत हे समीकरण निदान वरवर पाहता लागू पडते, कारण त्यांनी स्वतःच आपल्या आयुष्याविषयी व संगीताविषयी पुष्कळ लिहून ठेवले आहे. बाखने तसे काही केले नाही. त्याची पत्रे थोडी असून त्यांतील बहुतेक नोकरी, पगार, वाद्यदुरुस्ती आणि अधिकाऱ्यांची कुरबुर यांविषयीची आहेत. असे असूनही त्याच्या संगीताचे चरित्रात्मक वाचन दोनशे वर्षे अखंड चालू आहे, ही वस्तुस्थितीच अभ्यासाचा विषय ठरावी.

नोकरीचे आयुष्य

बाखचा जन्म थुरिंगिया प्रांतातील आयझेनाख येथे २१ मार्च १६८५ रोजी (तेथील तत्कालीन जुन्या पंचांगानुसार) झाला. वडील योहान आंब्रोसिउस हे नगरवादक होते. बाख कुळात संगीत हा पिढीजात व्यवसाय होता, आपल्याकडे सुतारकी किंवा सोनारकी असावी तसा. आई १६९४ मध्ये व वडील १६९५ मध्ये निवर्तल्यावर तो ओरड्रूफ येथे थोरल्या भावाकडे राहिला व तेथेच वाद्यवादन शिकला. १७०३ मध्ये आर्नश्टाट येथे ऑर्गनवादकाची नोकरी लागली. तेथील चर्चच्या अधिकाऱ्यांच्या दप्तरात या तरुण नोकराविषयीच्या तक्रारी नोंदलेल्या आहेत. १७०५ मध्ये बुक्स्टेहूड या ज्येष्ठ ऑर्गनवादकाचे संगीत ऐकण्यासाठी तो सुमारे ४०० किलोमीटरवरील ल्यूबेक येथे, परंपरेनुसार पायी, गेला. रजा चार आठवड्यांची मिळाली होती, परतला तो जवळजवळ चार महिन्यांनी. शिवाय प्रार्थनागीतांच्या साथीत तो असे काही चमत्कारिक स्वर मिसळतो की गाणाऱ्या भाविकांचा गोंधळ उडतो, असाही ठपका होता.

पुढील टप्पे थोडक्यात असे : १७०७ मध्ये म्यूलहाउझेन, १७०८ पासून वायमार, १७१७ पासून क्योथेन आणि १७२३ पासून मृत्यूपर्यंत लाइपझिग. वायमारच्या ड्यूकने त्याला सोडचिठ्ठी देण्याचे नाकारले आणि बाखने हट्ट सोडला नाही, तेव्हा ६ नोव्हेंबर ते २ डिसेंबर १७१७ या काळात त्याला चक्क अटकेत ठेवण्यात आले. क्योथेनचा राजपुत्र लेओपोल्ड कॅल्व्हिनपंथी होता. त्या पंथाच्या उपासनेत विस्तृत संगीताला स्थान नसल्याने बाखकडून प्रामुख्याने वाद्यसंगीताची अपेक्षा होती. ब्रांडेनबुर्ग कंचेर्टोंची अर्पणप्रत १७२१ ची आणि ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’चा पहिला भाग १७२२ चा, हे लक्षात घेतले म्हणजे मालक बदलला की रचनेचा प्रकार कसा बदलतो ते स्पष्ट होते. येथे ‘प्रेरणा’ हा शब्द वापरण्यापूर्वी नेमणूकपत्र वाचणे श्रेयस्कर.

लाइपझिग येथील सेंट थॉमस शाळेच्या कांटोर या पदासाठी नगरपरिषदेची पहिली पसंती टेलेमानला होती, दुसरी ग्राउप्नरला. दोघेही उपलब्ध न झाल्याने बाखची नियुक्ती झाली. उत्तम माणूस मिळत नसेल तर मध्यम घ्यावा लागेल, अशा आशयाचे एका सभासदाचे उद्गार परिषदेच्या इतिवृत्तात आहेत. ते नेमके कोणाला उद्देशून होते याविषयी संशोधकांत मतभेद असले, तरी चरित्रकारांना त्यांचा मोह आवरलेला नाही. कामाचा बोजा मात्र निर्विवाद होता. मे १७२३ पासून बाखने जवळजवळ दर रविवारी व सणाच्या दिवशी एक कँटाटा, म्हणजे वाद्यवृंदासह गावयाची अनेक भागांची धार्मिक रचना, सादर केली. त्यांतील बहुसंख्य रचना नव्या होत्या. रचना करावयाची, प्रती उतरवून घ्यावयाच्या, शाळकरी मुलांकडून बसवून घ्यावयाची आणि रविवारी सकाळी सादर करावयाची, हा क्रम वर्षानुवर्षे चालला. त्याच्या सुमारे २०० धार्मिक कँटाटा आज उपलब्ध असून पुष्कळ नष्ट झाल्या असाव्यात, असे मृत्युलेखातील उल्लेखावरून दिसते.

या आयुष्याचे सर्वांत बोलके दस्तऐवज १७३० सालातील आहेत. ऑगस्टमध्ये नगरपरिषदेत कांटोर काम करीत नाही अशी तक्रार होऊन त्याचे उत्पन्न कमी करण्याचा विषय निघाला. त्याच महिन्यात बाखने परिषदेला चर्चसंगीताच्या आवश्यक व्यवस्थेविषयी एक निवेदन सादर केले. त्यात शाळेतील ५४ विद्यार्थ्यांची वर्गवारी आहे : १७ कामाचे, २० अजून कामाचे नाहीत, १७ अगदीच निरुपयोगी. (महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या वाचकांना या आकडेवारीचा स्वर परिचित वाटेल.) ऑक्टोबरमध्ये बालमित्र एर्डमान यास लिहिलेल्या पत्रात तो दुसरीकडे नोकरी मिळेल का, अशी विचारणा करतो. आपले उत्पन्न सुमारे ७०० थालर असून अंत्यविधींची संख्या वाढली की ते वाढते व हवा निरोगी राहिली की घटते, मागील वर्षी या कारणाने १०० थालरहून अधिक नुकसान झाले, असा तपशील तो पुरवितो. या पत्रात विनोद आहे की निव्वळ हिशेब, हे सांगणे कठीण आहे. प्रस्तुत लेखकास तो हिशेबच वाटतो. मृत्यू हा ज्याच्या संगीताचा एक प्रमुख विषय, त्याच्या घरखर्चाच्या वहीतही मृत्यू ही जमेची बाब होती. या दोन गोष्टींपैकी एकीवरून दुसरीचे स्पष्टीकरण करता येत नाही.

पत्नीचा मृत्यू आणि ‘शाकॉन’

चरित्रात्मक वाचनाचे सर्वांत लोकप्रिय उदाहरण घेऊ. जुलै १७२० मध्ये बाख राजपुत्रासमवेत कार्ल्सबाड येथे असताना त्याची पहिली पत्नी मारिया बार्बारा निधन पावली. तो परतला तेव्हा दफनविधीही उरकला होता. एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेल्या सहा रचनांची बाखच्या हस्ताक्षरातील प्रत याच सालाची आहे आणि तिच्यातील ‘शाकॉन’ हा भाग व्हायोलिनवाङ्मयातील एक शिखर मानला जातो. एवढ्या सामग्रीवरून ‘शाकॉन’ हे दिवंगत पत्नीचे स्मारक होय, असा निष्कर्ष काढला गेला. पुढे तर त्यात मृत्युविषयक प्रार्थनागीतांच्या स्वरावली गुप्तपणे गुंफल्या आहेत, असेही प्रतिपादन झाले.

या निष्कर्षात भावनिक आकर्षण आहे, पुरावा नाही. १७२० हे साल स्वच्छ प्रतीचे आहे, रचनेचे असेलच असे नाही. ती प्रत जुलैपूर्वीची की नंतरची हेही सिद्ध झालेले नाही. शिवाय शाकॉन हा एक नृत्यमूलक रचनाप्रकार आहे. काही मात्रांचा एक आकृतिबंध पुनःपुन्हा येतो व प्रत्येक आवर्तनात त्यावर नवी कल्पना उभारली जाते. चार तारांच्या वाद्यावर, मुळात एकाच स्वरपंक्तीसाठी घडलेल्या, एकाच वेळी तीन-चार स्वरपंक्तींचा भास निर्माण करणे हे बाखने स्वतःपुढे मांडलेले आव्हान होते. मध्येच मायनर स्वरसप्तक बाजूला सरते व मेजर उजळून निघते, तेव्हा श्रोत्याच्या मनात काही हलते, हे मान्यच केले पाहिजे. ते हलणे त्या अडीचशेहून अधिक मापांतील बांधणीने सिद्ध केले आहे. कार्ल्सबाडची कथा माहीत नसलेल्या श्रोत्यालाही ते जाणवते. मग कथेने नेमके काय वाढविले, हा प्रश्न आपण विचारत नाही.

तीच चाल, दुसरे शब्द

आत्माविष्काराच्या सिद्धान्ताची खरी परीक्षा बाखच्या पुनर्योजनात होते. स्वतःची जुनी रचना घेऊन तिला नवे शब्द देणे ही त्याची नेहमीची पद्धत होती. युरोपीय अभ्यासक तिला ‘पॅरडी’ म्हणतात. मराठीत त्या शब्दासाठी ‘विडंबन’ हा पर्याय येथे दिशाभूल करील, कारण उपहासाचा तिच्याशी संबंध नाही. मराठी संगीत नाटकाच्या अभ्यासकाला ही पद्धत समजण्यास अडचण पडू नये. ‘संगीत स्वयंवर’ (१९१६) मधील पदांना भास्करबुवा बखले यांनी दिलेल्या चालींमागे बंदिशींचा आधार होता, हे आपण जाणतो आणि त्यामुळे ती पदे आपल्याला कमी अस्सल वाटत नाहीत.

सप्टेंबर १७३३ मध्ये सॅक्सनीच्या राजपुत्राच्या वाढदिवसासाठी बाखने एक कँटाटा रचली (क्र. २१३). विषय ‘चौरस्त्यावरील हर्क्युलिस’ हा. सुखलोलुपता व सद्गुण या दोन व्यक्तिरेखा तरुण हर्क्युलिसला आपापल्या बाजूला ओढतात. सुखलोलुपता त्याला मोहात पाडण्यासाठी एक अंगाई गाते. पुढच्याच वर्षी, १७३४ च्या नाताळात, हीच अंगाई ‘ख्रिसमस ऑरेटोरिओ’मध्ये गव्हाणीतील बाळ येशूसाठी गायिली गेली. पहिले शब्दही जवळजवळ तेच आहेत. मोहाचे गाणे वात्सल्याचे झाले. याहून विलक्षण म्हणजे, ज्या गीतात हर्क्युलिस सुखलोलुपतेला ‘तुझे मी ऐकणार नाही’ असे बजावतो, त्याच गीताची चाल येणाऱ्या वराच्या स्वागतासाठी सज्ज हो, असे झायनला प्रेमाने सांगणाऱ्या गीताला मिळाली. धिक्कार आणि आर्जव एकाच स्वरावलीत मावले.

यावर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया आढळतात. श्रद्धाळू अभ्यासक अवघडतात व बाखच्या मनात धार्मिक अर्थ आधीपासूनच असावा, असे सुचवितात. रूपवादी अभ्यासक आनंदतात : पाहा, संगीताला अर्थच नसतो. मराठी समीक्षेत बा. सी. मर्ढेकर यांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या घटनेचा जो विचार मांडला, तो या दुसऱ्या भूमिकेला जवळचा आहे आणि बाखच्या फ्यूगसारख्या रचनेचे वर्णन करण्यास तो अतिशय उपयुक्तही आहे. फ्यूगमध्ये एक छोटे स्वरवाक्य एका आवाजात सुरू होते, दुसरा आवाज तेच वाक्य वेगळ्या उंचीवरून उच्चारतो, पहिला त्याला विरोधी वाक्याने उत्तर देतो आणि तिसरा-चौथा आवाज येईपर्यंत या परस्परसंबंधांचे एक जाळे तयार होते. संवाद, विरोध, समतोल ही तिन्ही तत्त्वे येथे उघड्या डोळ्यांनी, किंबहुना उघड्या कानांनी, तपासता येतात.

तथापि अंगाईच्या बाबतीत ही भूमिका पुरी पडत नाही. बाखने चाल जशीच्या तशी उचललेली नाही. सुखलोलुपतेचा सोप्रानो आवाज जाऊन तेथे खालचा, भरदार आल्टो आला. बी फ्लॅट मेजर स्वरसप्तक जी मेजरवर उतरले. तंतुवाद्यांच्या सोबतीला ओबोच्या कुळातील वाद्ये आली, त्यांच्या गावठी, मेंढपाळी नादासह. झायनच्या गीतातही व्हायोलिनच्या जोडीला ‘ओबो दामोरे’ हे मृदू वाद्य आले. अर्थाविषयी जो उदासीन आहे, तो एवढी खटपट करणार नाही. म्हणजे अर्थ चालीत बंदिस्त नाही हे खरे, पण चालीला कोणताही अर्थ चालतो हेही खरे नाही. आवाजाची जात, सप्तकाची उंची, वाद्याचा पोत, स्वर तोडून म्हणावयाचे की जोडून, या तथाकथित दुय्यम घटकांत अर्थाचा निर्णय होतो. आपली समीक्षा ज्यांना ‘सादरीकरण’ म्हणून बाजूला ठेवते, तेथे बाखने आपले सर्वांत सूक्ष्म काम केले आहे. मर्ढेकरांची चौकट नाकारण्याचे कारण नाही, परंतु तिच्यात नादाच्या पोतासाठी पुरेशी जागा नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पुनर्योजन प्रायः एकाच दिशेने, लौकिकाकडून धार्मिकाकडे, झालेले दिसते. त्याचे आध्यात्मिक स्पष्टीकरण देण्यापूर्वी व्यावहारिक कारण पाहावे. वाढदिवसाची कँटाटा एकदाच वाजते. नाताळ दरवर्षी येतो.

या पद्धतीचा कळस ‘बी मायनर मास’मध्ये दिसतो. तिचे पहिले दोन विभाग बाखने १७३३ मध्ये ड्रेसडेन येथे नव्या सॅक्सन राजाला दरबारी पदवीच्या विनंतीसह सादर केले. पदवी १७३६ मध्ये मिळाली. उर्वरित भाग जोडून ही रचना आयुष्याच्या अखेरच्या काळात, १७४८–४९ च्या सुमारास, पूर्ण केली. ती सबंध ऐकण्याचा योग त्याला आल्याचा पुरावा नाही. लूथरपंथी चर्चच्या एका नोकराने कॅथलिक उपासनेतील संपूर्ण लॅटिन संहितेला संगीत देण्याचे प्रयोजन काय, यावर मोठा वाद आहे. येथे एकच भाग पाहू. ‘क्रुसिफिक्सस’ हा क्रूसारोहणाचा भाग १७१४ मधील वायमारच्या एका कँटाटातील (क्र. १२) समूहगीतावर आधारलेला आहे. ते समूहगीत रडणे, विलाप, चिंता व भय यांविषयीचे आहे. चार मापांची, अर्ध्या अर्ध्या स्वराने खाली घसरणारी मंद्र स्वरपंक्ती पुनःपुन्हा येत राहते. चौतीस-पस्तीस वर्षांनंतर हे संगीत हाती घेताना बाखने त्या मंद्र पंक्तीतील लांब स्वर तोडून त्यांची धडधडती पुनरावृत्ती केली, बासऱ्या घातल्या आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेवट बदलला. तेराव्या आवर्तनात ती पंक्ती नेहमीच्या ठिकाणी न पोहोचता अनपेक्षितपणे वळते, वरची वाद्ये गप्प होतात, आवाज आपल्या खालच्या पट्टीत उतरतात आणि दफनाच्या शब्दांवर ई मायनरमधून जी मेजरमध्ये विसावतात. त्यानंतर क्षणार्धात पुनरुत्थानाचा भाग तुताऱ्या व नगाऱ्यांसह उसळतो. वायमारचा तरुण आणि लाइपझिगचा वृद्ध यांच्या ‘भावनां’तील फरक आपल्याला अज्ञात आहे. तेराव्या आवर्तनातील फरक मात्र कागदावर आहे आणि कोणत्याही अभ्यासकाला तो तपासता येतो.

कागदाचा पुरावा

फिलिप स्पिटा यांचे १८७३ व १८८० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झालेले चरित्र दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. त्यात कोराल-कँटाटांची मोठी मालिका बाखच्या उत्तरायुष्यात, १७३५ नंतर, ठेवलेली होती. त्यातून एक सुबक चित्र उभे राहिले : आयुष्यभर चर्चची सेवा करीत अधिकाधिक अंतर्मुख होत गेलेला भक्त. १९५० च्या दशकात आल्फ्रेड ड्यूर व गेओर्ग फॉन डाडेलझेन यांनी कागदावरील जलचिन्हे, नकलाकारांची हस्ताक्षरे व बाखच्या हस्ताक्षरातील बदल यांचा सूक्ष्म अभ्यास केला. ती मालिका १७२४–२५ मधील ठरली. धार्मिक कँटाटांचा बहुतांश भाग लाइपझिगच्या पहिल्या काही वर्षांतच लिहून झाला होता. १७२९ मध्ये बाखने ‘कॉलेगिउम मुझिकुम’ या संस्थेची धुरा घेतली आणि झिमरमानच्या कॉफीगृहातील मैफलींत तो रमला. म्हणजे भक्ताच्या ‘उत्तरायुष्यातील अंतर्मुखता’ ही एका चुकीच्या कालक्रमातून जन्मली होती.

फ्रीडरिश ब्लूमे यांनी १९६२ मध्ये यावरून बाखच्या धर्मनिष्ठ प्रतिमेलाच आव्हान दिले. चर्चची नोकरी त्याला आतून हवी होती का, असा त्यांचा सवाल होता. प्रतिवादासाठी कालोवच्या बायबलभाष्याची प्रत पुढे आली. १७३३ सालासह बाखची स्वाक्षरी असलेली ही प्रत १९३४ मध्ये अमेरिकेत उजेडात आली होती. तिच्या समासात बाखच्या हस्ताक्षरात टिपणे आहेत. भक्तिपूर्ण संगीत जेथे चालते तेथे ईश्वर कृपेसह उपस्थित असतो, या आशयाचे एक टिपण विशेष प्रसिद्ध आहे. माणूस श्रद्धाळू होता हे त्यावरून मान्य करावे लागते. ब्लूमे यांनी नोकरीतील नाराजी व अश्रद्धा यांची गल्लत केली, असे म्हणता येईल. एखाद्याला संस्थेचा वीट येतो व विषयाचा येत नाही, याची उदाहरणे आपल्या क्षेत्रात कमी नाहीत. परंतु दोन्ही पक्षांनी समासातील टिपण किंवा कागदाचे जलचिन्ह यांवरून संगीताचा आशय ठरविण्याचा जो प्रयत्न केला, तो सारखाच सदोष आहे. ज्यांनी त्याच्या रचनांतील स्वर मोजून अक्षरांचे अंक लावले व सर्वत्र १४ हा आकडा शोधला, त्यांच्याविषयी तर येथे लिहिण्याचे कारण नाही.

समकालीन टीकाकार या बाबतीत अधिक सरळ होता. योहान आडोल्फ शायबे याने १७३७ मध्ये बाखच्या संगीतावर ते फुगीर व गोंधळाचे असल्याचा, अतिरिक्त कारागिरीने नैसर्गिक सौंदर्य झाकोळल्याचा आरोप केला. बिर्नबाउम या अध्यापकाने पुढील वर्षी बाखच्या वतीने उत्तर दिले. शायबेला इतिहासाने खलनायक ठरविले असले, तरी त्याने स्वरांबद्दल बोलण्याचे धैर्य दाखविले. त्याचा आक्षेप खोडता येतो, कारण तो तपासता येण्याजोगा आहे.

अपूर्ण फ्यूग

शेवटी ‘आर्ट ऑफ फ्यूग’. एकाच स्वरवाक्यातून किती प्रकारचे फ्यूग उभारता येतात याचा हा प्रचंड प्रयोग १७५१ मध्ये, मृत्यूनंतर, छापला गेला. १७५६ पर्यंत त्याच्या जेमतेम तीस प्रती खपल्याचे पुत्र कार्ल फिलिप इमानुएल याने नोंदविले आहे. शेवटचा फ्यूग २३९ व्या मापात तुटतो. त्याआधी जर्मन पद्धतीने बी-ए-सी-एच असे वाचता येणारे चार स्वर विषय म्हणून अवतरलेले असतात. हा विषय मांडत असतानाच रचनाकार निवर्तला, अशी पुत्राच्या हातची नोंद हस्तलिखितावर आहे. कादंबरीकारालाही सुचणार नाही असा हा शेवट. मात्र अलीकडील हस्ताक्षर-अभ्यासानुसार ते पान मृत्यूच्या बरेच आधी लिहिलेले असावे. १७५० च्या मार्च-एप्रिलमध्ये टेलर या फिरत्या इंग्रज नेत्रवैद्याने बाखच्या डोळ्यांवर दोन शस्त्रक्रिया केल्या, दृष्टी गेली व २८ जुलै रोजी त्याचे निधन झाले. त्या महिन्यांत असे स्पष्ट हस्ताक्षर शक्य नव्हते. (दुसरी पत्नी आना माग्दालेना, जिच्या हस्ताक्षरातील प्रतीमुळे चेलोचे सहा सूट आपल्यापर्यंत पोहोचले, ती १७६० मध्ये धर्मादायावर जगत वारली. हा शेवट कोणी रंगविला नाही.)

वादकांपुढे यातून एक प्रत्यक्ष प्रश्न उभा राहतो. काही वादक २३९ व्या मापात, वाक्याच्या मध्येच, हात उचलतात व सभागृहात शांतता पसरू देतात. ती शांतता पुत्राच्या नोंदीची आहे, हे ओळखले पाहिजे. काही जण पहिल्या आवृत्तीत भरपाई म्हणून छापलेले प्रार्थनागीत त्यानंतर वाजवितात. काहींनी फ्यूग स्वतः पूर्ण करण्याचा मार्ग धरला आहे. एकोणिसाव्या शतकात गुस्टाफ नोटेबोम यांनी दाखवून दिले की येथवर आलेले तिन्ही विषय मूळ स्वरवाक्याशी एकाच वेळी जुळतात. म्हणजे चौथा विषय म्हणून ते मूळ वाक्य येणे अपेक्षित असावे. या तिसऱ्या मार्गाने जाणाऱ्यांच्या पूर्तता दर्जाने असमान आहेत, काही तर शाळकरी आहेत. पण पान कोठे तुटले यापेक्षा ते कोठे जात होते, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि त्याचे उत्तर स्वरांतच शोधले.